तिनं एकही फोटो टाकला नव्हता

निवृत्त झाल्यापासून मला शाळा-कॉलेजांतून व्याख्यानाची आमंत्रणं येतात. विषय ठरलेला असतो. 'मोबाईल वापरताना मुलींनी घ्यावयाची काळजी.' मी विचारते, "आणि मुलं?" त्यावर सर हसतात. "मुलांना त्या तासाला मैदानावर सोडणार आहोत म्याडम. उगाच दंगा नको."

मग मी मुलींनी भरलेल्या हॉलमध्ये उभी राहून सांगते, पासवर्ड कुणाला सांगू नका, अनोळखी माणसाची रिक्वेस्ट घेऊ नका, आपला पत्ता, शाळा, नंबर उघड करू नका. मुली माना डोलावतात, काही लिहूनही घेतात. खिडकीतून बाहेरच्या क्रिकेटचा आरडाओरडा ऐकू येत असतो. ज्यांच्यापासून सांभाळून राहायला मी आत सांगतेय, त्यांच्यातले काही बाहेर बॅटिंग करत असतात. दोन-तीनदा हे झाल्यावर माझं डोकं फिरलं. आता अट घालते. मुलगे समोर बसणार असतील तर येते, नाहीतर तुमचा नारळ तुमच्याजवळ राहू द्या. तेव्हापासून आमंत्रणं कमी झाली आहेत.

माझी पोलीस खात्यातली शेवटची वर्षं नगरच्या सायबर विभागात गेली. (अहिल्यानगर म्हणायला हवं, पण तोंडाला सवय नगरचीच.) सायबर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काळा पडदा आणि त्यावर भराभर पळणारी हिरवी अक्षरं येतात. आमच्याकडे लोखंडी टेबलं होती, दोन-चार कॉम्प्युटर होते आणि डोक्यावर कुरकुरणारा पंखा होता. काम निम्मं पत्रव्यवहाराचं आणि निम्मं माणसं शांत करण्याचं. समोरचा माणूस घाम पुसत बसायचा आणि पहिलं वाक्य हमखास असायचं, "म्याडम, नाव बाहेर फुटणार नाही ना?"

एक बाप तर पोरीचा मोबाईल गुळाच्या रिकाम्या पिशवीत घालून घेऊन आला होता. पिशवी टेबलावर उपडी केली तर आतून काचा, बॅटरी आणि वाकलेला पत्रा पडला. त्यानं तो दगडानं ठेचला होता. म्हणाला, "घ्या पुरावा." मला हसावं की रडावं कळेना. पोरीला त्रास देणाऱ्याचे सगळे मेसेज त्या मोबाईलमध्ये होते. पुरावा त्यानं स्वतःच्या हातानं ठेचला होता आणि वर पोरीला एक मुस्काटात दिली होती. मेसेज करणारा मात्र आपल्या घरी मजेत.

बाहेरच्या माणसाला आमचं काम समजावं म्हणून एवढंच सांगते. असं काही घडलं तर लोक घाबरून पहिल्यांदा सगळं पुसून टाकतात. पुसू नये. समोर जे दिसतंय त्याचा फोटो काढून ठेवावा आणि ज्या खात्यावरून ते आलं त्या खात्याची लिंकही जपावी. खात्यावरचं नाव कुणीही काहीही लावू शकतं, उद्या बदलूही शकतं. लिंक असेल तर आम्ही कंपनीला विचारू शकतो, की हे खातं कुठल्या नंबरवरून उघडलं, कुठल्या नेटच्या जोडणीवरून चालवलं. उत्तर यायला वेळ लागतो, पण येतं. चोर जमिनीवरून चालला काय आणि मोबाईलवरून चालला काय, पाय उमटतातच.

हे सगळं सांगायला सोपं आहे. पण वैष्णवीची गोष्ट आठवली की माझं मलाच माझ्या व्याख्यानाचं हसू येतं. वैष्णवी हे तिचं खरं नाव नाही. कायद्यानं ते सांगता येत नाही आणि मला सांगायचंही नाही.

काष्टीच्या बाजारचा दिवस होता. घरात 'बाजाराला जातो' असं सांगून दोघी मायलेकी निघाल्या होत्या आणि बाजारात न थांबता नगरची एसटी धरून थेट आमच्याकडे आल्या होत्या. आईचं नाव मंदाबाई. हातात बाजाराची पिशवी, वर दोन जुड्या मेथी. खुर्चीवर बसल्यावर तिनं मेथी बाजूला केली आणि तळातून फडक्यात गुंडाळलेला मोबाईल काढला.

"हिचा हाय," ती म्हणाली. "मालकांनी कपाटात कुलूप लावून ठिवला हुता. चावी घेतली म्या."

पोरगी बारावी सायन्सला होती. सतरा सरलेली, अठरा लागायला अजून अवकाश होता. गव्हाळ, नाकीडोळी नीटस. पण मान जी खाली होती ती वर यायलाच तयार नाही. मी पाणी दिलं, चहा मागवला. पोलिसांत आलेल्या मुलीशी आधी भलतंच काहीतरी बोलावं लागतं. मी विचारलं, "घरी काय पिकवता?"

"लिंबू," ती म्हणाली. "आणि गाया आहेत."

"यंदा बहर कसाय?"

तेव्हा कुठं तिनं वर पाहिलं.

झालं होतं ते असं. कुणीतरी तिच्या नावानं एक खातं उघडलं होतं. त्यावर तिचा चेहरा भलत्याच उघड्या अंगावर चिकटवलेला फोटो टाकला होता. खाली तिचं पूर्ण नाव, गाव, कॉलेज आणि मोबाईल नंबर. 'मला फोन करा' असं लिहून पुढं जे लिहिलं होतं ते मी दिवाळी अंकात लिहू शकत नाही. त्या दिवसापासून तिला फोन यायला लागले होते. कुठल्या कुठल्या गावांतून, अनोळखी पुरुषांचे. वर्गातल्या मुलांच्या ग्रुपवर तो फोटो फिरला. एक फोन चुकून वडिलांनी उचलला. पलीकडच्या माणसानं जे विचारलं ते ऐकून वडिलांनी मोबाईल कपाटात कोंडला, कॉलेज बंद केलं, क्लास बंद केला आणि नात्यातल्या मध्यस्थाला 'स्थळ बघा' म्हणून निरोप धाडला.

कॉलेजात तिची आई गेली होती. प्राचार्यांनी फार सहानुभूतीनं सांगितलं, "थोडे दिवस तिला पाठवू नका. वातावरण निवळू द्या."

मी विचारलं, "आणि फोटो फिरवणाऱ्या मुलांना? त्यांना घरी बसवलं का?"

"न्हाई बा," मंदाबाई म्हणाली. "त्यांचं कालिज चालू हाय की."

मी फोटो पाहिला. असले फोटो बघणं हाही नोकरीचा भाग. नजर फोटोवर ठेवायची आणि मन बाजूला. चेहरा कापून चिकटवण्याचं काम ओबडधोबड होतं. पण एक गोष्ट मला दिसली. कानाखाली, गळ्याच्या कडेला, झेंडूची एक नारिंगी पाकळी राहून गेली होती. बनवणाऱ्यानं चेहरा कापताना ती सुटली होती.

"तू झेंडूचा हार कधी घातला होतास?" मी विचारलं.

ती विचारात पडली. मग म्हणाली, "क्लासमध्ये. सराव परीक्षेत मी पहिली आले, तेव्हा सरांनी सत्कार केला होता."

"तो फोटो तू कुठं टाकला होतास?"

"मी नाही टाकला. मी माझा एकही फोटो कधी टाकलेला नाही म्याडम. आईशप्पथ."

मी तिचा मोबाईल पाहिला. खरं होतं. तिचं खातं कुलूपबंद, फक्त शाळेतल्या ओळखीच्या मैत्रिणींपुरतं. स्वतःच्या फोटोच्या जागी लिंबाच्या फुलांचा फोटो. गाव लिहिलेलं नाही, जन्मतारीख नाही. पासवर्डला दुहेरी कुलूप. माझ्या व्याख्यानातला एक एक नियम त्या पोरीनं पाळला होता. आणि तरी ती माझ्यासमोर मान खाली घालून बसली होती.

मग फोटो बाहेर गेला कसा? शोधायला लांब जावं लागलं नाही. तालुक्याच्या गावातल्या त्या क्लासचं पान मी उघडलं आणि ती समोरच दिसली. हार घातलेली, हातात छोटं सन्मानचिन्ह. 'आमची गुणवंत विद्यार्थिनी' म्हणून पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, कॉलेज, गुण. साऱ्या जगाला दिसेल असं. नंबर त्यात नव्हता. तो दुसरीकडून गेला होता. क्लासनं सगळ्या विद्यार्थ्यांचा एकच मोठा ग्रुप केला होता. सूचना, निकाल, वेळापत्रक सगळं त्यावर. त्या ग्रुपात प्रत्येक मुलीचा नंबर प्रत्येक मुलाला दिसत होता.

मी पोरीची तक्रार रीतसर घेतली, लिंक घेतली, सगळं जतन केलं. ते खातं बंद करण्याची मागणी त्याच बैठकीत कंपनीला पाठवली. मंदाबाई पिशवीत मेथी भरताना म्हणाली, "म्याडम, आता यवढं करा. हिच्या बापाला समजवा. माझं ऐकत न्हाईत. पुढच्या बाजाराच्या आत पाव्हणे येनार हायेत."

दुसऱ्या दिवशी मी साध्या साडीत त्यांच्या वस्तीवर गेले. गणवेशात गेलं की आळीभर बातमी होते, म्हणून अशा कामाला आम्ही कधीही गणवेश घालत नाही. घरापुढं लिंबाची बाग, गोठ्यात चार गाया. वैष्णवीचे वडील भाऊसाहेब बागेतून आले. उंच, राकट माणूस. डोळे मात्र रडून आल्यासारखे. बायको आपल्याला न सांगता पोलिसांत गेली, याचा राग त्यांच्या तोंडावर होता. पण पाहुणचार चुकला नाही. घोंगडी टाकली, पाणी आलं.

"आता तुमीच सांगा म्याडम," ते म्हणाले, "पोरीच्या जातीला काय गरज हुती फोटू टाकायची? मोबाईल दिला तो आब्यासाला. हिनं फोटू टाकायचे, आन आमी गावात तोंड लपवायचं."

पोरगी दाराआड उभी होती. तिची सावली दिसत होती. मी बोलणार तोच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून मंदाबाईचा आवाज आला. तोवर ती नवऱ्यापुढं मोठ्यानं कधी बोलली असेल असं मला वाटत नाही.

"तिनं न्हाई टाकला. क्लासवाल्यानं टाकला. आन तुमी सोता त्यो स्टेटसला ठिवला हुता. समद्या ग्रुपवर धाडला हुता. भावकीच्या, फॅक्टरीच्या, देवळाच्या. 'माझी लेक पहिली आली' म्हनून. इसरलात व्हय?"

भाऊसाहेबांनी दाराआडच्या सावलीकडे पाहिलं. गोठ्यात गाय हंबरली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "कौतिक वाटलं हुतं मला."

"वाटणारच," मी म्हणाले. "कौतुकात चूक नाही भाऊसाहेब. पण आता सांगा, तिची चूक काय?"

भाऊसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते टोपीकडेच बघत बसले.

"आणि पाहुण्यांचं," मी उठता उठता म्हणाले, "ज्या दिवशी बोलावलंय त्या दिवशी मलाही कळवा. मुलगी अजून अठराची नाही. मी गणवेशात येईन म्हणते."

पाहुणे आले नाहीत. पण पोरगी लगेच कॉलेजात गेली असंही नाही. बापाचं मन वळलं तरी गावाच्या नजरा वळत नाहीत. ती घरी बसून पुस्तकं चाळायची आणि मंदाबाई मला फोन करायची, "काय आलं का उत्तर?"

मी तोवर क्लासच्या सरांकडे जाऊन आले. त्यांच्या केबिनच्या भिंतीवर मुलांचे चेहरेच चेहरे. खाली टक्के, वर सरांचा हसरा फोटो, सगळ्या मुलांपेक्षा मोठा. मी विचारलं, "वैष्णवीचा फोटो टाकण्याआधी तिला विचारलं होतं?"

"विचारायचं काय म्याडम? आम्ही कौतुक केलं. पोरं खूश होतात, पालक खूश होतात."

"ती सतरा वर्षांची आहे. तिचं नाव, गाव, कॉलेज, सगळं तुम्ही चव्हाट्यावर मांडलंत. घरात साधा गडी ठेवायचा तरी आपण चार ठिकाणी चौकशी करतो. तुम्ही कुणालाही न विचारता तीनशे मुलांच्या हातात मुलींचे नंबर दिलेत."

"सूचना द्यायला सोपं जातं हो ग्रुपवर."

"मग असा ग्रुप करा ज्यात फक्त तुम्ही लिहाल आणि एकमेकांचे नंबर कुणाला दिसणार नाहीत. ती सोय मोबाईलमध्ये आहे. तुम्ही फिजिक्स शिकवता ना?"

ते ओशाळं हसले. माझ्यासमोरच ती जाहिरात काढून टाकली, ग्रुपही बदलतो म्हणाले. वर म्हणाले, "पण म्याडम, मूळ दोष मोबाईलचाच. मुलींनी जपूनच राहायला पाहिजे." त्यांच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट मी हातात घेतला होता. तो जागच्या जागी ठेवला आणि बाहेर पडले. सरकारी नोकरीत संयमासाठी पदक मिळत नाही, नाहीतर त्या दिवशीचं माझं पक्कं होतं.

कंपनीचं उत्तर आलं. खातं ज्या नंबरवरून उघडलं होतं, ते सिमकार्ड एका बाईच्या नावावर होतं. आम्ही तिला बोलावलं. साधी शेतकरी बाई, डोक्यावर पदर, पायात धुळीनं माखलेल्या वहाणा. सिमकार्डाचा नंबर सांगितला तशी ती खुर्चीतून उठूनच उभी राहिली.

"माझ्या नावावर कार्ड हाय व्हय? माझा तर यकच फोन हाय बटनाचा. दुसरं कार्ड पोरानं घ्यायला लावलं हुतं, माझ्या आधारवर. त्याला आब्यासाला नेट पायजे म्हनून."

पोरगा वैष्णवीच्याच वर्गातला, त्याच क्लासमधला. ग्रुपमधून तिचा नंबर घेऊन त्यानं तिला मेसेज केले होते. आधी 'हाय', मग गुलाबाची फुलं, मग 'रिप्लाय का देत नाही'. तिनं नंबर ब्लॉक केला. एवढंच तिचं पाप. ब्लॉक केलेलं त्याच्या मित्रांना कळलं, मित्र हसले, आणि ह्याच्या मर्दुमकीला धक्का बसला.

तोही सतराचा. अशा मुलाला आम्ही कोठडीत घालत नाही, गणवेशात चौकशीही करत नाही. मुलांच्या प्रकरणांसाठी नेमलेले अधिकारी, आईवडील समोर, आणि पुढं बाल न्याय मंडळ. ते योग्यच आहे. त्या खोलीत मी कडेला बसले होते. पोराला मिसरूड फुटत होतं. नखं खात होता. विचारलं, का केलंस? म्हणाला, "गंमत म्हणून."

त्याच्या आईनं ते ऐकलं. ती खुर्चीवरून उठली, त्याच्यासमोर गेली आणि म्हणाली, "ती पोरगी तुझ्या ताईवानी हाय की रं. गंमत?" आणि तोंडाला पदर लावून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तो पोरगा तेव्हा रडायला लागला. आधी मला वाटलं, पकडला गेला म्हणून रडतोय. नंतर वाटलं, नाही, आईनं पाठ फिरवली म्हणून.

त्याच्याबद्दल मला पुढं पुढं राग कमी आणि कीव जास्त वाटली. राग आला तो बाकीच्यांचा. पहिला राग त्या वजनदार माणसाचा, ज्याचा दुसऱ्याच दिवशी फोन आला. "म्याडम, पोरगं हुशार आहे. एका चुकीनं त्याचं आयुष्य बरबाद होईल. मिटवून घ्या." मी विचारलं, "मुलीच्या आयुष्याचं काय?" तर म्हणाला, "तिचं लग्न होऊन जाईल की." तो आवाज अजून कानात आहे. पोराला आयुष्य असतं आणि पोरीचं लग्न असतं!

दुसरा राग फोटो पुढं ढकलणाऱ्यांचा. बनवला एकानं. पण तो एकटा काय करणार होता? त्याच्या मोबाईलमध्ये पडून राहिला असता. पोचवला कुणी गावोगाव? चांगल्या घरच्या, चांगल्या मार्कांच्या मुलांनी. त्यांना आम्ही आईवडिलांसह बोलावलं तेव्हा एकेकाचं उत्तर तेच. "आम्ही काय केलं? फक्त फॉरवर्ड केलं." एका मुलाचे वडील स्वतः शिक्षक. तेही म्हणाले, "त्यानं काही तयार केलेलं नाही हो." मी म्हणाले, "गुरुजी, गावात कुणी विहिरीत घाण टाकली आणि तुमच्या मुलानं ते पाणी बादली बादलीनं घरोघर नेऊन ओतलं, तर तुम्ही हेच म्हणाल?" अल्पवयीन मुलीचा असा फोटो नुसता जवळ ठेवणं आणि पुढं पाठवणं हाही गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा बापलेकांचे चेहरे एकदम उतरले. त्या वर्गातल्या एकाही मुलाला हे आधी कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगणार कधी?

त्या सगळ्यांत एकच मुलगा निघाला, ज्यानं फोटो पुढं पाठवला नव्हता. उलट ग्रुपवर लिहिलं होतं, 'हे डिलीट करा, ती आपल्या वर्गातली आहे.' त्याला ग्रुपमधून काढून टाकलं होतं. मी प्राचार्यांना म्हटलं, सत्कार करायचाच तर ह्याचा करा. ते म्हणाले, "बघू." अजून बघतायत.

प्रकरण मंडळापुढं गेलं. त्या पोराला समुपदेशनाला पाठवलं, देखरेखीखाली ठेवलं. कागदावर न्याय झाला. पण परीक्षा तोंडावर असताना वैष्णवीचे जे आठवडे बुडाले, त्यांची भरपाई कुठल्या कलमात बसते ते मला कुणी दाखवून द्यावं. ती परत कॉलेजात गेली तेव्हा पहिल्या दिवशी भाऊसाहेब स्वतः मोटारसायकलवर सोडायला गेले आणि फाटकाबाहेर चिंचेखाली दुपारपर्यंत बसून राहिले. मुली तिच्याशेजारी बसायला कचरत होत्या. मुली! त्यांच्या आयांनी सांगितलं होतं, 'तिच्याजवळ जाऊ नको, तुझंही नाव येईल.' वर्गात सारी मुलं पहिल्यासारखी बसत होती आणि ही मात्र बाकावर एकटी.

तिनं बारावी दिली, पण प्रवेश परीक्षेचे गुण हवे तसे आले नाहीत. मी म्हटलं, आता सुटलं सगळं. पण तिनं बापाला सांगितलं, "एक वर्ष द्या. क्लास नको. घरी करते." भाऊसाहेबांनी वर्ष दिलं. गावात लोक विचारायचे, 'पोरगी घरीच?' ते म्हणायचे, 'आब्यास करती.' एवढं बोलून लिंबाच्या बागेत निघून जायचे. मंदाबाई मधूनमधून फोन करायची. पोरीनं मोबाईल परत मागून घेतला होता आणि ऑनलाइन धडे बघून अभ्यास चालला होता. त्याच मोबाईलवर. मला त्याचं फार बरं वाटलं. विंचू चावला म्हणून कुणी शेत पडीक टाकत नाही.

पुढच्या वर्षी तिला उत्तम गुण मिळाले. सरकारी फार्मसी कॉलेजात नंबर लागला. तोवर मी निवृत्त झाले होते. पेढे घेऊन मायलेकी घरी आल्या तेव्हा वैष्णवी माझ्याशी डोळ्याला डोळा देऊन बोलत होती. बोलता बोलता मंदाबाईनं आदल्या दिवशीची हकिकत सांगितली.

निकाल कळल्यावर क्लासचे सर वस्तीवर आले होते. हो, तेच. ज्या वर्षी तिनं त्यांच्या क्लासची पायरीही चढली नव्हती, त्या वर्षीच्या यशाचा सत्कार करायला. शाल, नारळ, हार आणि फोटो काढायला एक माणूस. "आमचीच विद्यार्थिनी शेवटी," म्हणाले. "एक फोटो घेऊ सगळ्यांचा."

भाऊसाहेब खाटेवर बसले होते. ते उठले नाहीत. म्हणाले, "मला काय इचारता? फोटू तिचा हाय. तिला इचारा."

सर वैष्णवीकडे वळले. ती गोठ्यातून हात पुसत आली. म्हणाली, "सर, शाल द्या, आशीर्वाद द्या. फोटो नको. नाव नको आणि गावही नको."

सर गडबडले. फोटोवाल्याकडे बघितलं, हातातल्या हाराकडे बघितलं. मग अगदी कळवळून म्हणाले, "अगं, फोटो नाही, नाव नाही, मग त्यात आमची जाहिरात कुठं राहिली?"

भाऊसाहेब तेव्हा खाटेवरून उठले. "आत्ता खरं बोललात सर," ते म्हणाले. "चहा टाकलाय. घ्या आन या आता."